बाबांच्या गाडीचं इंजिन

कराड सोडलं त्या दिवशी दादा माझी ट्रंक घेऊन रिक्षाने पुढे गेला आणि मी बाबांच्या मागे मोटरसायकलवर बसून ओगलेवाडीच्या स्टेशनवर पोचले. ती टू-स्ट्रोक गाडी बाबा रोज सकाळी पुसायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना डबी उजेडात धरून बघायचे. फलाटावर ते एवढंच म्हणाले, "गाडी आहे तशी ठेवतो. आलीस की तूच चालव." दादाने माझी ट्रंक बर्थखाली साखळीने बांधली, किल्ली माझ्या हातात दिली आणि बजावलं, "प्रवासात कुणावर पटकन विश्वास ठेवू नकोस."

तेवीस वर्षांची होते. कस्टममध्ये नोकरी लागली होती आणि पहिलीच नेमणूक कलकत्त्याला, खिदिरपूरच्या गोदीत. दोन-तीन वर्षांत बदली होईल असं सगळेच म्हणत होते. झालीही, पण फिरून पुन्हा इथेच आले, इथेच लग्न झालं, सॉल्ट लेकमध्ये तळमजल्यावर घर झालं. आता घरात पोह्यांबरोबर शिंगाडे असतात, शिंगाडे म्हणजे समोसे, हे कराडला दरवेळी नव्याने सांगावं लागतं. इथे बसचा कंडक्टरही दादा आणि मासळीवालाही दादा. पहिली दोन वर्षं माझ्या तोंडून त्यांच्यासाठी तो शब्द निघायचा नाही. माझा दादा एकच होता.

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर गाडी अंगणात पत्र्याखाली उभी होती. मागच्या हिवाळ्यात दादाचा फोन आला. "बाबांची गाडी तुझ्याकडेच शोभेल. पाठवतो रेल्वेने." मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. दादानेही दोन वर्षांपूर्वी भंगारातून तशीच एक गाडी आणली होती आणि तिच्या दुरुस्तीमागे लागला होता. मला वाटलं, त्याला कळलंय मला काय हवंय ते.

हावड्याहून टेम्पोने ती घरी आली, गोणपाटात गुंडाळलेली. टाकीवरचा हिरवा रंग तोच, सीटला बाबांनी स्वतः घातलेला टाका तोच. किक मात्र जागची हलेना. इंजिन जाम झालं होतं. आमच्या गल्लीत राहणारे स्वपनदा पूर्वी गॅरेज चालवायचे, आता सत्तरीला आले आहेत. ते म्हणाले, "बौदी, ताडा कोरबेन ना." वहिनी, घाई करू नका. आणि दर रविवारी सकाळी चहाच्या वेळेला ते येऊ लागले.

वाहनतळाच्या कोपऱ्यात मी जुनी चादर अंथरायची. सायलेन्सरमधली काजळी खरवडली, कार्ब्युरेटर उघडून एकेक भोक तारेने साफ केलं, मल्लिक बाजारात हिंडून जुने लिव्हर मिळवले. नवरा म्हणायचा, घरातल्या साबणालाही आता रॉकेलचा वास येतो. मी खूष होते. इतक्या वर्षांत कराडला मी इतकी जवळून भेटले नव्हते.

मार्चमधल्या एका रविवारी सिलिंडरवरचा सगळा मळ निघाला. सिलिंडर थंड राहावं म्हणून त्याभोवती पात्या असतात, मेस्त्री त्यांना फिन म्हणतात. मी फडकं फिरवता फिरवता थांबले. सगळ्या फिन अख्ख्या होत्या.

बाबांच्या गाडीची एक फिन तुटलेली होती. मीच तोडली होती. एकोणिसाव्या वर्षी कृष्णेकाठच्या मैदानात शिकताना गाडी दगडावर आडवी घातली. मी घाबरून उभी, आणि बाबा तुटका तुकडा खिशात टाकत म्हणाले, "राहू दे. तुझी सही झाली गाडीवर." सिलिंडर त्यांनी कधीच बदललं नाही.

नंतर कधी बदललं असेल, असं मी स्वतःला समजावलं. स्वपनदांनी इंजिनावरच्या नंबरवर कागद ठेवला आणि पेन्सिल घासली. आकडे उमटले. मी घरातून आरसी बुक आणलं. एकही आकडा जुळत नव्हता. गोदीत दिवसभर मी हेच करते, कागदावरचा नंबर आणि मालावरचा नंबर. घरून आलेल्या गाडीचा नंबर बघावा असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

स्वपनदांनी कागद घडी करून माझ्याजवळ दिला आणि हात धुवायला गेले.

मी दादाला फोन लावला. "दादा, बाबांच्या गाडीचं इंजिन कुठंय?"

तो म्हणाला, "माझ्या गाडीत बसवलंय. ते चांगलं चालू होतं ना. तुझ्याकडे नुसती उभीच राहणार. टाकी, सीट, सगळं बाबांचंच दिलंय की तुला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

 तो हसून म्हणाला, "अगं, लोखंड ते. एवढं काय!"

त्याच्या गाडीचा व्हिडिओ त्याने घरच्या ग्रुपवर टाकला होता. मी त्याला टाळ्या दिल्या होत्या. आता पुन्हा लावून बघितला. त्याच्या गुडघ्यापाशी तुटकी फिन स्पष्ट दिसत होती.

संध्याकाळी आईला फोन केला. तिला सांगावं, तिने त्याला दोन शब्द सुनवावेत, एवढीच अपेक्षा होती. ती म्हणाली, "मला माहीत होतं गं. अंगणातच तर काढलं त्याने."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तो इथे असतो. माझं दुखलं-खुपलं त्यालाच बघायचंय. त्याच्याशी वाईट होऊन मी कुठे जाऊ?"

"माझ्याशी वाईट झालेलं चालतं?"

"तू समजून घेशील असं वाटलं."

दादाचा राग होता. पण हे वाक्य त्याहून खोल लागलं. तुमच्यातले जे गावीच राहिलात, त्यांना हे पटेल. जे माझ्यासारखे निघून गेलात, त्यांना विचारते: समजून घेण्याचं काम आपल्याकडे कधी आलं?

दोन महिने मी गाडीला हात लावला नाही. मग स्वपनदाच आले. "ज्याचं कुणाचं असेल, बिचारं बंदच पडलंय," असं बंगालीत म्हणाले आणि चादर अंथरून बसले. नवा पिस्टन बसवला. जूनमध्ये ते परकं इंजिन धूर ओकत सुरू झालं. मी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण बाबांना सांगावं असा तो आनंद नव्हता.

दुर्गापूजेच्या सुट्टीत कराडला गेले. आईचे गुडघे फार सुजले होते. रोज तेल लावून दिलं. तिसऱ्या दिवशी दादाने आपल्या गाडीची किल्ली पुढे केली. "चालवून बघ. हवं तर इंजिन काढून पाठवतो." मी एक किक मारली. पहिल्याच किकेला सुरू झाली, अगदी तोच आवाज. मिनिटभर बसले आणि बंद करून किल्ली त्याला दिली. "राहू दे. पण विचारलं असतंस, तर मी दिलं असतं." तो अंगणाकडे बघत राहिला. माफ कर म्हणाला नाही.

सॉल्ट लेकला परतल्यावर आईला फोन केला. इतकी वर्षं मी म्हणायचे, "कलकत्त्याला पोचले." त्या दिवशी तोंडातून गेलं, "आई, घरी पोचले."

तो शब्द आम्हा दोघींनाही ऐकू आला. मी सावरून घेतलं नाही.