हमादीचं पत्र

मीरासाब पिंजारी हातकणंगल्याचा. वडील लालासाब गाद्यांचा कापूस पिंजायचे, आई खतिजा तो निवडून द्यायची. त्या घरातला मुलगा कॉलेजात जाईल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. पण महाराजांच्या राज्यात कोल्हापुरात गरिबांच्या पोरांसाठी बोर्डिंगं निघाली होती. मॅट्रिक झालेल्या मीरासाबला अशाच एका बोर्डिंगात जागा मिळाली. साल एकोणीसशे अकरा.

त्याच्या खोलीत दुसरी चटई पडली ती हमादीची. हमादी जंगबारचा, समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतला. त्याचे वडील रत्नागिरीकडच्या एका व्यापाऱ्याच्या लवंगांच्या वखारीत मुकादम होते. पोराची हुशारी बघून त्या व्यापाऱ्यानंच त्याला कोल्हापुरात शिकायला धाडलं होतं. त्याला मराठी मुळीच येत नव्हतं. मोडकं हिंदुस्थानी आणि पुस्तकातलं इंग्रजी, एवढ्यावर त्याचं चालायचं.

पहिले दोन महिने वाईट गेले. पोरं ताटावरून ओरडायची, "काय पावणं, जेवलासा का न्हाय?" आणि हमादीचा घास हातातच राहायचा. एकदा त्यानं मीरासाबला हळूच विचारलं, "मैंने क्या गलती किया?"

"गलती कसली? मायेनं इचारत्यात की," मीरासाब म्हणाला. "आमच्याकडं मायाबी वरडूनच करत्यात."

हमादीची रीत उलटी. तो आधी घर कसं आहे, वडील कसे आहेत, सकाळ कशी गेली, हे सगळं विचारायचा आणि मगच कामाचं बोलायचा. पोरं त्याची नक्कल करत. मीरासाबही हसायचा. मागाहून त्याला स्वतःची लाज वाटायची, पण हसायचं राहत नव्हतं.

पावसाळा सरता सरता हमादीचे डोळे आले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध घालून पट्टी बांधली आणि चार दिवस सोडायची नाही म्हणून बजावलं. दुसऱ्याच दिवशी जंगबारहून पत्र आलं. तीन महिन्यांनी आलेलं पत्र. हमादी ते बोटांनी चाचपत बसला. अखेर त्यानं ते मीरासाबपुढं धरलं.

"तुम पढो."

मीरासाबला ते वाचता येत होतं, हीच तर गोष्ट. भाषा हमादीच्या मुलखातली, पण लिपी अरबी. लहानपणी मशिदीत मौलवींनी त्याच्याकडून ती घोटून घेतली होती. अर्थ कळला नाही तरी अक्षरांवरच्या जेरजबराच्या खुणा बघून उच्चार बरोबर यायचा. तो मांडी घालून बसला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागला. शेजारच्या खोलीतला इलाही दारात येऊन उभा राहिला.

चौथ्या ओळीत मीरासाबला दोन शब्द ओळखीचे लागले. "मामा... अमेफारिकी दुनिया." त्याला आनंद झाला. तीच ओळ त्यानं पुन्हा, आणखी मोठ्यानं वाचली.

"लेका, तुझा मामा दुनिया बघाय निघालाय म्हणं," तो म्हणाला. इलाही हसला.

हमादी हसला नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून तो ताठ बसला होता. "फिर पढो," तो म्हणाला.

मीरासाबनं पुन्हा वाचलं.

"एक बार और."

तिसऱ्या वेळी मीरासाबचा आवाज आपोआप खाली आला. हमादीच्या पट्टीची खालची कड ओली झाली होती. तो म्हणाला, "हमारे यहाँ मामा... माँ को बोलते हैं."

इलाही दारातून निघून गेला. पुढं काय लिहिलंय ते वाचायचं बाकी होतं. मीरासाबनं ते वाचलं, शेवटच्या सलामापर्यंत. त्याच्या तोंडून निघणारा एक शब्दही त्याला कळत नव्हता, आणि समोरच्याला प्रत्येक शब्द लागत होता.

त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत. पट्टी सुटल्यावर मीरासाब त्याला आगगाडीनं हातकणंगल्याला घेऊन गेला. दुसरं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. खतिजानं त्याची आई गेल्याचं ऐकून घेतलं आणि गळा काढायला तोंड उघडलं. तोच मीरासाब म्हणाला, "आये, त्येंच्यात आवाज करत न्हाईत. गप बसत्यात."

खतिजानं पदर तोंडात धरला. शेजारच्या चाँदबी आणि दोघीजणी रडायला म्हणून आल्या, त्यांना तिनं उंबऱ्यातच थांबवलं. "त्येच्या रितीनं बसायचं आसंल तर आत या," ती म्हणाली. त्या आत आल्या. पिंजलेल्या कापसाच्या ढिगापाशी त्या दुपारभर काही न बोलता बसल्या. निघताना खतिजानं त्याला आईचं नाव विचारलं, गेलेल्यांसाठी म्हणायच्या फातेह्यात घ्यायला. म्वानाइशा, तो म्हणाला. तिच्या जिभेवर ते "मानाशा" झालं. हमादीनं ते दुरुस्त केलं नाही.

पुढं अडीच वर्षं ते एकाच खोलीत राहिले. मीरासाबनं त्याची भाषा शिकून घेतली, निदान पत्र कळण्यापुरती. चौदा सालची मोठी लढाई पेटायच्या आधी हमादी परत गेला आणि जंगबारच्या बंदरावर कारकून झाला. हिंदुस्थानातून उतरणाऱ्यांचं बोलणं साहेबाला समजावून सांगायचं, हे त्याचं काम. लढाईत पत्रं बंद पडली, ती पुन्हा सुरू झालीच नाहीत.

मीरासाब चंदगडकडच्या एका खेड्यात मास्तर झाला. तिकडं निम्मं मराठी, निम्मं कानडी. गावात पत्र आलं की त्याच्याकडंच यायचं, आणि लोक कुरकुरायचे, की मास्तर आधी मनात वाचत बसतो, लौकर सांगत नाही.

लढाईच्या शेवटच्या वर्षी गावातली झुंबरबाई भाताच्या खळ्यावरून तशीच शाळेत धावत आली. तिचा मुलगा केरबा पलटणीतून बसऱ्याला गेला होता. तिच्या हातात पत्र होतं.

मीरासाबनं पाकीट फोडलं. पत्र केरबाचं नव्हतं, त्याच्या पलटणीतल्या साहेबाचं होतं. मुलांना सुट्टी दिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात वाचलं. मग खुर्चीवरून उठून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"अक्का, बसा," तो म्हणाला. "घरात कोण कोण हाय तुमच्या?"

झुंबरबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ती खाली बसली. त्यानं तिला श्वास घेऊ दिला. मग हळू, एकेक वाक्य, तिच्या बोलीत, तो सांगायला लागला.