वन्संच्या मापाचा कुर्ता

ठाण्यापासून कल्याणपर्यंत कपड्यांचं असं एकही दुकान नसेल, जिथे आमच्या वन्सं भांडलेल्या नाहीत. हे मी कौतुकाने सांगते आहे की तक्रार म्हणून, ते अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. लग्न होऊन डोंबिवलीला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हिच्याबरोबर देवळात जा, दवाखान्यात जा, कुठेही जा. फक्त कपडे घ्यायला जाऊ नकोस." सासूबाईंचं बाकी सगळं मी ऐकलं. एवढंच ऐकलं नाही, आणि म्हणून गेली एकतीस वर्षं निरनिराळ्या काउंटरांसमोर मान खाली घालून उभी राहत आले आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. ठाकुर्लीला स्टेशनाजवळ दोन खोल्यांत एकट्या राहतात. उंची पाच फूट साडेनऊ इंच, खांदे रुंद, हात लांब, आणि आवाज या सगळ्याला शोभेल असा. हे माप त्यांनी कुठून आणलं ते कुणालाच ठाऊक नाही, कारण घरातली बाकी माणसं पंख्याची जाळी पुसायलासुद्धा स्टूल घेतात. माझा नवरा बहिणीशी बोलताना अजून मान वर करतो आणि लोकांना तो आदर वाटतो. लग्न का केलं नाहीत असं कुणी विचारलंच, तर "मापाचा मिळाला नाही" असं म्हणून त्या विषय संपवतात. नोकरी त्यांनी सरकारी मोजणी खात्यात केली. जमिनींचे नकाशे काढायच्या. त्यामुळे माप हा त्यांच्या दृष्टीने चेष्टेचा विषय नाही. "बांध एक फूट सरकला तर दोन सख्खे भाऊ कोर्टात जाऊन उभे राहतात," त्या म्हणतात, "आणि इथे चाळीस लिहिलेला कुर्ता अडतीस भरतो, तर कुणाला लाज नाही."

म्हणूनच त्यांच्या पर्समध्ये रुमाल नसला तरी मापाची टेप असते. दुकानात शिरल्यावर इतर बायका आधी रंग बघतात, मग कापड चुरगाळून बघतात. वन्सं कुर्ता सरळ उलटा करतात आणि शिवणीत माया किती ठेवली आहे ते तपासतात. पूर्वी शिवणाऱ्याने दोन्ही बाजूंना बोटभर कापड आत सोडलेलं असे. माणूस जाड झाला, पोर उंच झालं, की उसवून वाढवता येई. हल्ली शिवणीच्या कडेला सूतभर कापड असतं, तेही धागे सुटलेलं. "बघ, जरासुद्धा माया नाही," असं त्या मला दाखवत म्हणतात तेव्हा आजूबाजूच्यांना वाटतं, या बाई कुणातरी नातेवाइकाबद्दल बोलताहेत. फ्री साइज या शब्दावर तर त्यांचा विशेष राग. तसं लिहिलेली चिठ्ठी दिसली की त्या विक्रेत्याला बोलावून विचारतात, "हा कुणाला होतो? नाव सांगा. मला त्या बाईला भेटायचंय." एकदा एका विक्रेत्याने बाही कोपराच्या चार बोटं खाली थांबलेली बघून सांगितलं, "मॅडम, ती थ्री-फोर्थ आहे, फॅशन आहे." वन्संनी शांतपणे त्याला खिडकीतल्या पुतळ्यापाशी नेलं. पुतळ्याच्या अंगावर तोच कुर्ता होता आणि बाही मनगटापर्यंत होती. "म्हणजे फॅशन फक्त माझ्या अंगावर आल्यावर होते का?" त्यांनी विचारलं. तो गृहस्थ नंतर बराच वेळ गोदामातून बाहेर आला नाही.

ट्रायल रूममध्ये त्या आरशात बघत नाहीत, परीक्षा घेतात. आधी खाली बसायचं, मग उठायचं, मग दोन्ही हात वर करून वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखं करायचं. त्यांचं म्हणणं, कपडा उभं राहून फोटो काढण्यासाठी नसतो. माणूस वाकतो, रिक्षात चढतो, कपडे वाळत घालतो. कल्याणला एका दुकानात या डबा काढण्यात काखेतली शिवण टर्रकन उसवली. दुकानदार म्हणाला, आता हा तुम्हालाच घ्यावा लागेल. वन्संनी कुर्ता नीट घडी करून त्याच्यासमोर ठेवला. "मी परीक्षा घेतली, तो नापास झाला. नापास झालेल्याला घरी न्यायची जबाबदारी त्याच्या आईबापांची." मला हसू आवरेना, आणि त्याच वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असंही वाटत होतं.

मग शिवून का घेत नाही, असं मीही एकदा विचारलं होतं. तर त्यांनी सगळा हिशोब समोर मांडला. त्यांच्या उंचीला कापड जास्त लागतं, शिलाई कापडाहून महाग, आणि एवढं करून शिंपी पुन्हा आपल्या डोक्यातल्या सरासरी बाईसाठीच बेततो. साडी नेसा म्हणावं, तर साडीचा पन्हा त्यांच्या घोट्याच्या वरच संपतो. खाली वीतभर वेगळं कापड जोडल्याशिवाय त्यांना साडी नेसता येत नाही. आणि मोठ्या मापाचे म्हणून जे वेगळे कपडे ठेवतात, ते उंचीला तेवढेच आणि घेराला तंबूएवढे, शिवाय महाग. "म्हणजे उंच बाई श्रीमंतही असायला पाहिजे आणि जाडही," वन्सं म्हणाल्या. "माणूस आधी जन्माला आला की कपडा?" खरं सांगायचं तर तोपर्यंत मला हे सगळं त्यांचं वेडच वाटत होतं. मला बरे कपडे मिळत होते ना. जरा घट्ट झाला तर मी पोट आत घेत होते, जरा लांब झाला तर दुमडत होते. कपड्याला काही बोलावं, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

डोक्यात आलं ते माझ्या लेकीमुळे. केतकी सगळी आत्यावर गेली. तीच उंची, तेच खांदे. बावीस वर्षांची असताना तिला घोडबंदर रोडवरच्या एका कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. पोशाख फॉर्मल हवा असं पत्रातच लिहिलेलं. मी मुद्दामच वन्संना न कळवता तिला घेऊन दुकानं फिरले. दोन दिवस डोंबिवली, एक दिवस कल्याण. जिथे बाही पुरे तिथे छातीवरचं बटण लागेना, जिथे बटण लागे तिथे खांदे अडकत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकी बॅग सोफ्यावर टाकून म्हणाली, "आई, मी जात नाहीये त्या इंटरव्ह्यूला." मी समजावलं, रागावले. ती आपल्या खोलीत जाऊन बसली. शेवटी मी ठाकुर्लीला फोन लावला. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "तीन दिवस झाले आणि मला आज सांगतेस?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी ठाण्याला एका मॉलमधल्या भल्यामोठ्या दुकानात गेलो. केतकी चार शर्ट घेऊन ट्रायल रूममध्ये शिरली. बाहेर उभी असलेली विक्रेती मुलगी चांगल्या मनाने, पण जरा मोठ्याने मला म्हणाली, "आंटी, दीदींना नाही होणार. दीदींचे शोल्डर एकदम जेंट्ससारखे आहेत ना." दार पातळ होतं. आतली सळसळ थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, केतकी बाहेर येईना. रांगेतल्या बायका चुळबुळ करायला लागल्या. आता वन्सं त्या मुलीला फाडून खाणार, या भीतीने मी डोळे मिटून घेतले. पण वन्सं दारापाशी गेल्या.

"केतकी, दार उघड."

"आत्या, मला घरी जायचंय. तू जा ना."

"काय झालं?"

आतून आवाज आला, "मीच वेडीवाकडी आहे. मला काहीच होत नाही."

वन्संनी कपाळ दाराला टेकवलं. मी त्यांना इतक्या हळू बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "तुझ्यात काही वाकडं नाही गं. हे कपडे कुणीतरी घाईत, स्वस्तात, न मोजता शिवलेत. तुझ्या वयाची असताना मलाही वाटायचं, माझंच चुकलं. मी कित्येक वर्षं पोक काढून चालायचे. मला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तुला सांगते. मापात तू बरोबर आहेस. आता ये बाहेर, मला तुझी मदत लागणार आहे."

कडी वाजली. केतकी लाल डोळ्यांनी बाहेर आली. वन्संनी टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं, रॅकवरून एल लिहिलेले एकाच कंपनीचे तीन शर्ट काढले आणि रांगेसमोरच मापायला घेतले. छाती तिन्हींची तीन तऱ्हांची भरली. पहिल्यात आणि तिसऱ्यात चांगला दोन इंचांचा फरक. रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. एकजण म्हणाली, "मला वाटायचं मीच दर महिन्याला जाडी होते." गळ्यात जाड चेन घातलेल्या, ठाण्याच्याच जुन्या गावातल्या एक बाई मागून म्हणाल्या, "बाय, मना तं दंडान कंदी काय बसतच नाय." एका मुलीने सांगितलं की तिच्या पँटच्या खिशात बोटाची दोन पेरंसुद्धा जात नाहीत. पाच मिनिटांत ती रांग राहिली नाही, सभा झाली. मॅनेजर धावत आला. "मॅडम, माल कंपनीकडूनच तसा येतो," तो म्हणाला. त्याने सवलतीचं कूपन पुढे केलं. "याने माझ्या भाचीचे हात लहान होणार आहेत का?" वन्संनी विचारलं. त्याने कूपन खिशात ठेवलं.

मग त्या विक्रेत्या मुलीकडे वळल्या. ती बिचारी भिंतीला चिकटली होती. वन्संनी तिच्याकडे जरा वेळ बघितलं. तिच्या युनिफॉर्मच्या कुर्त्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेफ्टी पिना लावून तो अंगासरसा ओढून घेतलेला होता. "हा तुला मोठा होतो," वन्सं म्हणाल्या. मुलगी म्हणाली, "दोनच साइज देतात, मॅडम." वन्संचा सगळा राग तिच्यावरून उठला आणि पुन्हा मॅनेजरवर जाऊन बसला. कपडे विकणाऱ्या दुकानाला स्वतःच्या मुलींना मापाचे कपडे देता येत नाहीत, हे त्यांनी त्याला इतक्या स्पष्ट मराठीत ऐकवलं की तो हिंदीत माफी मागायला लागला.

शर्ट आम्ही पुरुषांच्या विभागातून घेतला. फिकट निळा, सुती, ढिगात टाकलेला. बाही मनगटापर्यंत आली, खांदे जिथे असायला हवे तिथे बसले, वर खिसाही मिळाला. घरी येऊन वन्संनी माझ्या मशीनवर त्याला कमरेत दोन टक्स घातले आणि कॉलर थोडी लहान केली. केतकी तो घालून आरशासमोर उभी राहिली तेव्हा मी बघितलं, ती ताठ उभी होती. ती नोकरी तिला मिळाली नाही. पुढची मिळाली, आणि त्याही मुलाखतीला तिने तोच शर्ट घातला. आता ती पुण्यात असते आणि, मला कळलंय त्याप्रमाणे, तिथल्या दुकानदारांशी भांडते.

वन्संना मागच्या वर्षी एकाहत्तर पूर्ण झाली. पाठीचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाली आहेत म्हणून सांगितलं, मणके दबून उंची घटली आहे, पोक येणारच म्हणाले. वजनही बरंच उतरलं. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, "एखादा सुती कुर्ता घ्यायचाय, येतेस?" आम्ही डोंबिवलीतच एका साध्या दुकानात गेलो. मी सवयीने दाराजवळ उभी राहिले, म्हणजे वेळ आली तर पटकन निघता येईल. त्यांनी अर्ध्या बाह्यांचा एक पांढरा कुर्ता उचलला, उलटा न करताच, आणि आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा कुर्ता गुडघ्याखाली बरोबर जिथे यायला हवा तिथे आला होता. खांद्याची शिवण खांद्यावर होती. कुठे ओढलेलं नाही, कुठे फुगलेलं नाही. दुकानदार मनापासून म्हणाला, "मावशी, तुमच्यासाठीच शिवलाय असं वाटतंय." मी वन्संच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. एका हाताने त्यांनी कुर्त्याचा काठ चाचपला, मग सोडून दिला.

"बसला की गं," त्या म्हणाल्या.

छान दिसतो, मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, कुर्ता अंगावरच ठेवला, जुना पिशवीत घालून घेतला. दुकानदाराला एक शब्द बोलल्या नाहीत. बाहेर ऊन होतं. रस्ता ओलांडायचा म्हणून त्यांनी माझा दंड धरला आणि माझ्या पावलाशी पाऊल जुळवून चालू लागल्या. एवढी वर्षं त्यांच्याबरोबर चालताना मला धावावं लागायचं. आता मीच हळू चालत होते, आणि त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता.