दिगूकाकांचं अकरावं जाकीट

श्री. दिगंबर पाटणकर, म्हणजे आपले दिगूकाका, यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून आपल्या मराठी मंडळाने हे पुस्तक काढलं आणि मलाही दोन पानं लिहायला सांगितली. मी म्हटलं, माझं शिक्षण चौथी, मला मापं लिहिता येतात, लेख नाही. ते म्हणाले, जमेल तसं लिहा. जमेल तसं लिहिते. ज्यांना सजवलेलं वाचायचंय त्यांच्यासाठी पुढे डॉक्टरसाहेबांचा लेख आहे.

काकांची पहिली ओळख माझ्या दुकानात झाली. न्यू जर्सीत एडिसनला ओक ट्री रोडवर माझं शिवणाचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत काका आले आणि अकरा जाकिटांची मापं लिहिलेला कागद पुढे केला. अक्षर मोत्यासारखं. मी कागद परत दिला.

"माणसं आणा. मी कागदाला जाकीट शिवत नाही."

दुसरा कोणी असता तर तणतणत गेला असता. काका म्हणाले, "बरोबर आहे तुमचं," आणि शनिवारी खरंच दहा माणसं घेऊन हजर झाले, अकरावे स्वतः. त्यात ते एकटेच आपले, बाकी सगळे गोरे. त्यातला एक एवढा उंच की माझ्या दिव्याला डोकं आपटलं.

हा काकांचा बँड. त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मी त्यांना अकराजण म्हणते. इंग्लंडच्या खेड्यापाड्यात लोक ज्यावर नाचायचे ते जुनं संगीत हे लोक आजच्या ढंगाने वाजवतात. काका नागपूरचे, घरी हार्मोनियम शिकलेले. तरुणपणी नोकरीसाठी काही वर्षं इंग्लंडला होते, तिथे त्यांच्या हाती मेलोडियन आलं. मेलोडियन म्हणजे छातीवर बांधून वाजवायची छोटी पेटी, दोन्ही हातांनी भाता ओढायचा. पुढे न्यू जर्सीला आले तेव्हा त्यांना नेलबाई भेटल्या. त्या शाळेत शिकवायच्या, माहेर इंग्लंडचं, फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवायच्या. दोघांनी पिस्कॅटवेला काकांच्या गॅरेजमध्ये सुरुवात केली. आवाजाची तक्रार करायला शेजारी आला, तो ऐकत उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशी ट्रॉम्बोन, म्हणजे लांब नळीचं पितळी वाद्य, घेऊन आला. दिव्याला डोकं आपटणारा तोच. असे वाढत वाढत अकरा झाले. चर्चचे हॉल, शाळांच्या जिम, शेतावरच्या जत्रा, मग मोठाले फेस्टिवल, चार सीडी. तीसेक वर्षं झाली.

तर मी मापं घ्यायला लागले. सगळे ताठ उभे, शाळेत फोटोला राहतात तसे. मी म्हटलं, "असे उभे राहून वाजवता का? जसं वाजवता तसे उभे राहा." काकांनी इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांनी गाड्यांमधून वाद्यं आणली. काकांनी उजवा बूट तीनदा जमिनीवर आपटला आणि माझ्या दुकानात बँड सुरू झाला. सुरुवात नेहमी त्या बुटानेच होते, हे मला तेव्हा कळलं. मी टेप घेऊन त्यांच्या कोपरांमधून फिरत होते. एक नवरी ब्लाउज घट्ट झाला म्हणून भांडायला आली होती, ती पिशवी टाकून नाचायला लागली. तिचं भांडण राहूनच गेलं.

आता काकांचा स्वभाव. एरवी लोण्यासारखे, पण एका गोष्टीत दगड. एकदा फिटिंगला आले असताना एका मोठ्या फेस्टिवलचा फोन आला. स्टेज लहान आहे, सहाजण पाठवा. काका म्हणाले, "वी आर इलेव्हन. इलेव्हन ऑर नन." फोन ठेवला. नेलबाई इतक्या चिडल्या की दोन आठवडे बोलल्या नाहीत. मीसुद्धा म्हटलं, "काका, कशाला हट्ट? सहा गेले असते, वाजवून आले असते."

काका म्हणाले, "शोभाताई, पाचसहा जण वाजवतात तेव्हा लोक ऐकतात. अकरा वाजवतात तेव्हा लोक उठतात. आणि घरी राहिलेल्या पाचांना मी काय तोंड दाखवू?"

त्या फेस्टिवलने दोन वर्षांनी अकराजणांना बोलावलं. नेलबाईंनी काकांना केक पाठवला, वर साखरेने अकरा आकडा.

माझ्यावरचे उपकार सांगायला हवेत. आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी हॉस्पिटलात आणि दुकानाला कुलूप. काका किल्ली मागायला आले, म्हणाले, मी नुसता फोन घेईन. फोन घेतला, पण त्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही. जो फोन करेल त्याला शुक्रवार. मी परत आले तर चौदा ब्लाउज शुक्रवारी द्यायचे! मी डोक्याला हात लावला. "काका, मला काय दहा हात आहेत?" काका म्हणाले, "बावीस आहेत," आणि बाहेर बघितलं तर गाड्या उभ्या. अकराजण हूक लावायला बसले. ट्रॉम्बोनवाल्याने सगळे हूक उलटे लावले, ते मला उसवावे लागले. ड्रमवाल्याचा टाका मात्र माझ्यापेक्षा बारीक. चौदाच्या चौदा ब्लाउज शुक्रवारी गेले.

आणि आता गेल्या वर्षाचं. पंचाहत्तरीचा कार्यक्रम ठरला होता, पिस्कॅटवेच्या शाळेच्या हॉलमध्ये. त्यासाठी नवीन जाकिटं. काका एकटेच आले.

"शोभाताई, या वेळी दहाच शिवा."

"कोण गेलं सोडून?"

"मीच."

डावा खांदा गेला होता. पेटीचं ओझं इतकी वर्षं त्याच खांद्यावर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यापुढे त्या खांद्यावर काही लटकवायचं नाही. काका म्हणाले, "मी समोर बसून ऐकीन. दहाजण छान वाजवतात. एवढ्यात नेलला बोलू नका."

"मी बोलणार."

"तुम्ही शिंपी आहात की पोलीस?"

"दोन्ही. हात वर करा."

हात वर जाईना. मी तरी माप घेतलं. डावा खांदा उजव्यापेक्षा दीड इंच खाली आला होता. काका भिंतीकडे बघत होते, माझ्याकडे नाही. मला हे असलं बघवत नाही. ते दाराबाहेर पडले तसा मी नेलबाईंना फोन लावला.

नेलबाई संध्याकाळी काकांना हाताला धरून दुकानात घेऊन आल्या. सत्तरीच्या बाई, पण आवाज वर्गात ओरडल्यासारखा. "इलेव्हन ऑर नन, दिगू! हे कोण म्हणालं होतं? मी दोन आठवडे तुझ्याशी बोलले नव्हते त्याच्यासाठी!" काका म्हणाले, "ते वेगळं होतं." बाई म्हणाल्या, "काडीचंही वेगळं नाही."

मी विचारलं, "ओझं खांद्यावरच का पाहिजे? कमरेवर का नको?" आमच्याकडे बाया पाठीला मूल बांधून दिवसभर राबायच्या, खांद्याला काही होत नव्हतं. मी पेटीचा पट्टा जाकिटाच्या आतच शिवायला घेतला, अस्तराखालून पाठीवर आणि तिथून कमरेला. पहिलं जाकीट काकांच्या हनुवटीपर्यंत चढलं. दुसरं बरं वाटलं, पण भाता ओढला तशी बटणं उडाली, एक नेलबाईंच्या फिडलवर टणकन लागलं. नेलबाई म्हणाल्या, "निदान सुरात होतं." तिसरं बसलं. काका ते घालून डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, बसून वाजवा, पहिलं गाणं आणि शेवटचं, मधे आराम.

पण काका पुन्हा अडले. "आम्ही नाचाचा बँड. आमच्यात कोणी बसून वाजवत नाही. दहा उभे आणि मी म्हातारा खुर्चीत, बरं दिसतं का ते?" जाकीट घेऊन गेले, पण येतो म्हणाले नाहीत.

हे पुस्तक छापायला मंडळाने उशीर केला म्हणून पुढचं लिहिता येतंय. कार्यक्रमाच्या दिवशी मी सुया-दोरे घेऊन स्टेजच्या बाजूला उभी होते. काका आले. अंगात माझं जाकीट. बाजूचा पडदा सारला आणि काका थबकले. स्टेजवर अकरा खुर्च्या. दहाजण बसलेले, ट्रॉम्बोनवाल्याचे गुडघे कानाला लागलेले, नेलबाई पाठ ताठ करून. मधली एक रिकामी.

काका जाऊन बसले. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग उजवा बूट तीनदा आपटला.

पहिलं गाणं अर्धं व्हायच्या आत हॉलमधला एकही माणूस खुर्चीत नव्हता. नागपूरच्या काकू, गोरे आजोबा, आयटीतली पोरं, सगळे एकमेकांचे हात धरून. बसलेले फक्त ते अकरा.

काका, पट्टा टिकाऊ आहे, त्याची काळजी करू नका. जाकिटाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत मी जास्तीचं कापड ठेवलंय. घरी सुमनकाकूंच्या हातचं खाऊन पोट सुटलं, तर तीनदा उसवून सैल करता येईल. एकदा सैल केलं की माझं जाकीट आणखी दहा वर्षं पुरतं, आता तुम्हीच हिशेब करा. तिन्ही वेळा तुम्ही स्वतःच्या पायाने दुकानात या, खांदा शाबूत ठेवून या, आणि दहाजणांना बरोबर आणा. कागद आणू नका.

शोभा, एडिसन