म्हशीनं मोडलेलं नाटक

राहात्याच्या कॉलेजात आम्ही एका जर्मन विनोदी नाटकाचं मराठी रूपांतर बसवलं होतं. हाती नवा पैसा आलेला एक बाप, मुलगी मोठ्या घरात पडावी म्हणून आपलं जुनं जगणं लपवत फिरतो, अशी गोष्ट. मी ती मुलगी. तिला मागणी घालणाऱ्याचं काम करणारा पुढं खरोखरच माझ्या मनात भरला. आणि पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं हसले कोण? माझे वडील, आमचे आण्णा!

दोनच वर्षांत शिर्डी रस्त्याकडचं आमचं रान एका हॉटेलवाल्यानं विकत घेतलं, पुणतांब्यात बंगला उठला, आणि आण्णांनी तेच नाटक घरात लावलं. कारण नाटकातला तो मुलगा आईला घेऊन मला बघायला येणार होता. त्याची आई नगरच्या शाळेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. "हाय म्हनायचं न्हाई, आहे म्हनायचं," हे आण्णा आम्हाला शिकवत होते! म्हैस सकाळीच चुलत्यांच्या मळ्यात नेऊन बांधली. मी धार काढते हे बोलायचं नाही, अशी ताकीद. मी धुसफुसत हो म्हटलं, कारण बाईंनी नकार दिला असता तर तो त्यांचा शब्द मोडणारा नव्हता.

चहा आला आणि पाठोपाठ म्हैसही आली. दावं तोडून, धारेच्या वेळेला, थेट पोर्चमध्ये. पूर्वी तिथंच तर तिचा गोठा होता! अशी रेकली की बाईंच्या कपातला चहा हिंदकळला.

"कुणाची हो ही?" बाईंनी विचारलं.

"शेजाऱ्यांची आहे," आण्णा अगदी शुद्ध बोलले.

माझी आई बादली घेऊन गेली, तर लाथ बसता बसता वाचली. माझ्याशिवाय कुणाला ती कासेला हात लावू द्यायची नाही. सड टरारलेले, बिचारी तळमळत होती. माझं डोकंच फिरलं. खड्ड्यात गेलं ते नाटक! पैठणीचा पदर खोचला आणि खाली बसले. दोन मिनिटांत तिनं पान्हा सोडला. बादलीत धारा वाजायला लागल्या, तेव्हा कुठं भानावर आले. झालं, मोडलं आपलं लग्न!

मान वर केली तर बाई पायरीवर उभ्या. "शेजाऱ्यांची म्हैस तुला बरी ओळखते गं," त्या म्हणाल्या. "आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. करमेल का तुला?"

मला इतकं हायसं वाटलं, की म्हशीच्या पोटाला डोकं टेकून रडलेच. आण्णांनी टोपी काढून घाम पुसला.

"करमंल की, बाई! पोर लई गुनाची हाय," ते म्हणाले. मग टोपी परत घालत, "आन् म्हैस बी आमचीच हाय."