चक्कीवाल्या मावशी आणि पोळ्याची झडती

ऐका, हे आत्ताच सांगायचंय. उद्यापर्यंत थांबले तर त्यातली अर्धी मजा माझ्याच पोटात जिरून जाईल. काल पोळा झाला, माझे पाय अजून दुखतायत, आणि आमच्या चक्कीवाल्या मावशींनी जे केलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

पण आधी मावशी कळायला पाहिजेत. पिठाने पांढरा झालेला पंजा तुमच्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, "थांब वं, जुळून राह्यलं!" ही त्यांची सवय. तुम्ही ज्वारीचा डबा घेऊन उभे. त्या वर पत्र्याकडे बघत ओठ हलवतायत. मग एकदम डोळे चमकतात, "हं, बोल! गहू का जवारी?" काय जुळलं, कुणासोबत जुळलं, ते कधीच कळायचं नाही.

अमडापूरच्या अलीकडे आमचं गाव. माझं झेरॉक्सचं दुकान आणि मावशींची पिठाची चक्की यांच्यामध्ये एक भिंत. साठीला टेकलेल्या मावशींनी सगळा संसार चक्कीच्या आवाजात केला, त्यामुळे हळू बोलणं त्यांना येतच नाही. शेजारी उभ्या माणसाशीसुद्धा तो पलीकडच्या वावरात असल्यासारख्या बोलतात. एकदा मला म्हणाल्या, "तुलेच सांगून राह्यली, कोणाले सांगू नोको." ते इतक्या जोरात, की समोरच्या घरातल्या सुनेने लाजून खिडकी लावून घेतली. गोष्ट तिच्याच सासूची होती.

आता त्यांचं गुपित कसं फुटलं ते ऐका. दुपारची वेळ, चक्की घरघरतेय, मी कुणाचा तरी अर्ज टाइप करतेय. आणि लाइट गेली. चक्की थांबली. मावशी नाही थांबल्या! भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला,

"मोटरीले नाही लाइट, लाइटीले नाही वेळ,
आमी झोपलो का येते अन् मांडते आपला खेळ!"

आणि मग एकदम चिडीचूप. मी पळत गेले. मावशी पिठात हात घालून पुतळ्यासारख्या उभ्या, गिऱ्हाइकं तोंडावर पदर धरून हसतायत.

"मावशी, ही झडती होती ना?"

"नाही वं. खोकला होता."

ज्यांच्याकडे पोळा होत नाही त्यांच्यासाठी सांगते. पोळ्याला गावातले सगळे बैल सजवून मैदानात तोरणाखाली उभे करतात. मग एकेक जण पुढे येऊन यमक जुळवलेल्या ओळी ठणकावून म्हणतो, ती झडती. ती संपली की सगळं गाव "हर हर महादेव!" ओरडतं, डफडं वाजतं. शेवटची झडती झाली की तोरण तुटतं, बैल सुटतात, पोळा फुटला म्हणायचं. हे सगळं पुरुषांचं काम. बाया घरी पुरणाच्या तयारीत, नाहीतर लांब ओट्यावर.

लाइट काही येईना, तेव्हा मावशींनी सांगितलं. त्यांचं माहेर साखरखेर्ड्याकडचं. लहान असताना घरच्या बैलाने त्यांची वेणीची लाल रिबीन खाल्ली होती, त्याच्यावर त्यांनी झडती जुळवली. पोळ्यात सगळ्यांच्या पुढे जाऊन, दगडावर चढून सुरूही केली. काकाने बखोटीला धरून उचललं आणि मागे नेऊन ठेवलं. लोक खूप हसले.

"झडतीले हसले असते त चाललं असतं," मावशी म्हणाल्या. "मले हसले."

तेव्हापासून त्या चक्कीच्या आवाजात झडत्या म्हणत होत्या. तिथे कोण ऐकणार? आणि पोळ्यात एकदा, एकदाच, पूर्ण झडती म्हणायची ही इच्छा कुणालाच न सांगता सांभाळून ठेवली होती. त्यांच्या त्या खणखणीत आवाजात एकालाच सांगणं शक्यही नव्हतं म्हणा.

मागच्या पोळ्याला काय झालं, तर आमच्या गावचे झडतीवाले आबा, त्यांचा घसा पार बसला. दवाखाना झाला, आवाज काही परत आला नाही. मग पोरांनी मोबाइलवरची कुठली तरी झडती स्पीकरवर लावली. मध्येच कुणाचा तरी फोन आला आणि पोळ्यात रिंगटोन वाजली. मावशी आठवडाभर धुसफुसत होत्या. "मोबाइलनं म्हटली झडती! बैलायलेही लाज वाटली असन."

तर या वर्षी पोळा जवळ आला तसं मी त्यांच्या मागे लागले. म्हणा, म्हणा, म्हणाच! पाराजवळ विषय निघाला तेव्हा एक जण म्हणाला, "मावशी, पोळ्यात बाया झडती नाही म्हनत."

"काऊन? बैलानं तक्रार केली का?"

माझी आईसुद्धा नाक मुरडत होती. "सारी जिंदगी दळण दळलं, आता हे काय सुचलं हिले? लोक हसतीन." 

शेवटी मावशी स्वतःच आबांकडे गेल्या. मी सोबत होतेच. मावशींनी सांगितलं, म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितलं. आबांनी गोठ्यातल्या जोडीकडे पाहिलं. मग त्यांच्या त्या फाटक्या, वाऱ्यासारख्या आवाजात म्हणाले, "माही जोडी घेऊन उभी राह्य. आवाज तुहा, बैल माहे. मंग कोन काय म्हनते पाहू."

घरी येईपर्यंत मावशी नुसते ओठ हलवत राहिल्या.

काल दुपारी मैदानात बैल लागले. झुली, बाशिंगं, रंगवलेली शिंगं. आबांच्या पांढऱ्या जोडीचा कासरा हातात धरून मावशी उभ्या, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. मी मोबाइल घेऊन ओट्यावर चढलेली. दोघातिघांनी छोट्या छोट्या झडत्या म्हटल्या. शेवटची मावशींची. एक-दोन पोरं हसली. आबांनी नुसतं त्या पोरांकडे पाहिलं. गप्प झाली.

मावशींनी हात वर केला आणि आवाज लावला. आई गं! माइक नव्हता, तरी शेवटच्या बैलाने कान टवकारले.

"ट्रॅक्टर पेते डिझल, बैल पेते पाणी,
ट्रॅक्टरले कुठली माय? बैलाची गाय राणी!"

आणि मावशींनी श्वास घेतला. बस, तिथेच घोटाळा झाला. आबांच्या झडत्या कायम दोन ओळींच्या. गावाच्या कानाला दोनच ओळींची सवय. मावशींची झडती होती चार ओळींची! त्यांनी तिसरीसाठी तोंड उघडलं आणि सगळं गाव मनापासून ओरडलं, "हर हर महादेव!" डफडं कडाडलं. पलीकडची एक जोडी उधळली, तोरण तुटलं, पोळा फुटला.

मावशी "थांबा! थांबा वं! अर्धी राह्यली!" ओरडतायत आणि आबांची जोडी त्यांना ओढत गावाकडे निघालीय. कासरा सोडतील तर मावशी कसल्या! एका हातात कासरा, एका हातात पदर, पळता पळता तिसरी ओळ म्हणतायत, आणि ऐकायला फक्त बैल. माझ्या व्हिडिओत आभाळ, एक शेपटी आणि माझं किंचाळणं एवढंच आलंय.

लोक खुश होते. "मावशीनं काय झडती मारली!" म्हणून एकमेकांना टाळ्या देत होते. मी मारुतीच्या देवळाजवळ त्यांना गाठलं तर डोळ्यांत पाणी.

"वं पोरी, खरी झडती त पुढंच होती. आता कोनाले सांगू?"

पण बैल कुठे थांबतात? पोळा फुटल्यावर जोडी घरोघरी न्यायची असते. बाया दारात ताट घेऊन उभ्या असतात, बैलांच्या पायावर पाणी घालतात, ओवाळतात, पुरणपोळी चारतात. आबांना आता घरोघर चालवत नव्हतं, म्हणून ती जोडी मावशीच फिरवणार होत्या.

पहिलंच घर आमचं. दारात माझी आई, हातात ताट. मैदानावर ती आलीच नव्हती, तिने तर पहिल्या दोन ओळीही ऐकल्या नव्हत्या. मी म्हटलं, "मावशी, इथे म्हणा ना. पूर्ण."

मावशींनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "म्हन ना मंग. बैल काय रोज येते दारात?"

मावशींनी पहिल्या दोन ओळी म्हटल्या आणि थांबल्या. कुणी ओरडलं नाही. मग, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा, मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"बैलाले भेटे पुरणपोळी, धन्याले भेटे मान,
जिनं पुरण वाटलं तिचं कोन्या पंगतीत पान?"

शेजारच्या दारातली वहिनी तिचं ताट घेऊन पुढे आली. मागच्या घरातली आजी काठी टेकत आली. "काय म्हटलं वं? अजून एकदा म्हन." मावशींनी परत म्हटलं. तोवर गल्लीतल्या सगळ्या दारांतल्या बाया रस्त्यावर, ताटांतले दिवे वाऱ्याने फडफडतायत.

आईने बैलाला कुंकू लावलं. पुरणपोळी उचलली, तुकडा मोडला. पांढऱ्या बैलाने जीभ बाहेर काढली, मान पुढे केली. आणि आईने तो तुकडा बैलाच्या तोंडावरून पुढे नेऊन मावशींच्या तोंडात घातला.

"हर हर महादेव!" ती आजी ओरडली, आणि मग सगळ्या बाया. इतक्या जोरात, की पुढच्या गल्लीतली डफडी थांबली. मावशींचं तोंड पुरणाने भरलेलं, गाल फुगलेले, बोलता येत नाही, डोळे गळतायत आणि हसूही आवरत नाही. पुढच्या दारातून हाका सुरू झाल्या होत्या, "जोडी इकडं आना वं, आमच्याकडंही म्हना!" मावशी मानेनेच हो हो करत कासरा ओढतायत, बैल आपल्या घासासाठी आमच्या दारात अडून बसलेला.

सांगा ना, तुमच्यापैकी कुणासोबत झालंय असं? लहानपणी कुणीतरी बखोटीला धरून मागे ठेवलेलं काहीतरी, इतक्या वर्षांनी पुन्हा पुढे जाऊन म्हणून पाहिलंय का तुम्ही?