मागचं सगळं लोणी

आमच्या शीतलचा साखरपुडा दोनदा झाला. मुलगा तोच, मुलगी तीच, मांडव तोच, नारळसुद्धा बहुधा तोच. फक्त फोटो वेगळे.

शीतल माझी पुतणी, आमच्या आण्णांची एकुलती एक लेक. आण्णा माझे थोरले बंधू. अंथुर्ण्यात ऊस आणि थोडं डाळिंब करतात. माझं बारामतीत ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे, पण ते पोटापुरतं. खरा मी फोटोग्राफर आहे. (हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलंय. उलट कुणी मला ऐकवल्याचं आठवत नाही.)

दर रविवारी आम्ही काही हौशी मंडळी डाळजच्या बाजूला उजनीच्या पाण्याकाठी जातो, चिखलात पालथे पडतो आणि रोहित पक्ष्यांचे फोटो काढतो. मग आठवडाभर ते 'क्लिकवेडे' नावाच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून एकमेकांच्या शटर स्पीडवरून भांडतो. ग्रुपचे गुरू म्हणजे इंदापूरचे गायकवाड सर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांचे शेरे ठरलेले. फोटो सहन होण्यासारखा असेल तर 'ठीक'. जमला असेल तर 'छान'. आणि मागचा सगळा पसारा पार विरघळून पक्षी तेवढा लख्ख उठून दिसत असेल, तर एकच शब्द: 'लोणी!' मला आयुष्यात फक्त 'ठीक' मिळालं होतं. तेसुद्धा एकदा चुकून दुसऱ्याच्या फोटोखाली.

म्हणून मी नवी लेन्स घेतली. तिचं तोंड इतकं मोठं उघडतं की जिथे नेम धरला तेवढंच स्पष्ट; त्याच्या वीतभर पुढचं आणि मागचं सगळं धूसर! लेन्स घरी आली आणि त्याच आठवड्यात शीतलचा साखरपुडा ठरला. मला हा दैवी संकेत वाटला. आण्णांनी मात्र भिगवणच्या फोटोग्राफरला सांगून ठेवलं होतं.

"घरात फोटोग्राफर असताना भाईरचा कशाला, आण्णा?"

"दत्त्या, तुला माणसांचं फोटो काढाया येत्यात का?"

"अहो, उडत्या पाखराचा काढतो मी! माणसं तर बसलेली असत्यात."

"पाखरांचं बरं असतं," माझी बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "ती मागनं फोटो मागाया येत न्हाईत."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. भिगवणच्या माणसाला नको म्हणून कळवण्यात आलं.

मुलगा अजिंक्य, इंदापूरचा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. थोरल्या चुलत्यांनी, तात्यांनी त्याला वाढवला, शिकवला, कामाला लावला. त्यामुळे सगळा मान तात्यांचा. तात्या म्हणजे भरघोस पांढऱ्या मिशा आणि त्या मिशांना शोभेलसा आवाज. बरोबर मुलाची आत्या होती, सुमनआत्या, मोरांची पैठणी नेसून. आल्या आल्या तिने आण्णांनी शीतलला घेतलेली साडी चिमटीत धरून "जरा हलकी वाटतीया" असं म्हणून घेतलं आणि कार्यक्रमाला सुरुवात झाली.

मी लेन्स पुरती उघडली. आण्णांनी तात्यांना केशरी फेटा बांधला, हातात नारळ दिला. मी नारळावर नेम धरला. (काय शेंडी होती!) सुमनआत्याने शीतलला कुंकू लावलं. मी आत्याच्या बोटाच्या टोकावर नेम धरला. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. शीतल पुढे खुर्चीत, बाकीची मंडळी मागे ओळीने.

"पाव्हणं, आमी येतोय न्हवं फोटोत?" तात्यांनी मागून विचारलं.

"तात्या, तुमी फक्त हसा!"

तात्या हसले. मिशांच्या आडून, अगदी मनापासून हसले. ते हसू बघितलेला जगात मी एकटाच माणूस आहे, कारण फोटोत ते कुठेच नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी फोटो 'क्लिकवेडे'वर टाकले आणि मोबाईल हातात धरून बसलो. गायकवाड सरांचा शेरा आला. 'लोणी! नको ती गर्दी पार घालवलीत. मुलगी काय उठून दिसते!'

मला गगन ठेंगणं झालं! मी गल्ल्यावरून उठून दोन गिऱ्हाइकांना चहा पाजला. आणि त्याच आनंदात ते सगळे फोटो, त्यांच्याखाली सरांचा तो शेरा, असं सगळं 'शीतल-अजिंक्य शुभविवाह' या ग्रुपवर पाठवून दिलं. त्या ग्रुपवर आमच्याकडची सगळी मंडळी होती. त्यांच्याकडचीही सगळी होती.

थोड्या वेळाने आण्णांचा फोन आला. आवाज बारीक होता.

"दत्त्या, तात्या कुठं हायत?"

"कुठं म्हंजे? इंदापुरात असतील."

"फोटोत कुठं हायत?"

"नारळाच्या मागं बघा की!"

"नारळाच्या मागं केशरी काय तरी हाय."

"तेच तात्या."

आण्णांनी आवाज आणखी बारीक केला. मग म्हणाले, "त्यांचा आत्ता फोन आलता. 'आमी नको ती गर्दी व्हय?' असं इचारत्यात. काय सांगू?"

काय सांगणार! मी ग्रुपवर जाऊन शेरा पुसायला गेलो, तर घाईघाईत तो आणखी एकदा पाठवला गेला. एवढ्यात सुमनआत्याचा आवाजी निरोप येऊन पडला. तो मी दुकानात मोठ्या आवाजात लावला, ही आणखी एक चूक. "साडी हलकी म्हनलं तर माझं त्वांडच पुसलं! कंपुटरवर बसून पुसलं! बोट तेवढं ठिवलंया!" दुकानातलं गिऱ्हाईक व्हॉल्व्ह न घेताच माझ्याकडे बघत निघून गेलं.

संध्याकाळपर्यंत तिकडे एवढंच चर्चेला राहिलं की मुलीच्या काकाने ठरवून सासरची माणसं खोडली. लग्नाची तारीख काढायची बैठक होती, ती "बघू पुढं" म्हणून त्यांनी लांबवली. मग शीतलचा फोन आला.

"काका, माझा फोटो लई भारी आलाय."

"आलाय ना!"

"व्हय. पण आता लगीन हुईल का?" एवढं म्हणून ती रडायलाच लागली. मला भयंकर अपराधी वाटलं. ज्या पोरीला मी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं, तिचं जमलेलं लग्न मी एका नारळापायी मोडीत काढत होतो.

आण्णा आणि मी इंदापूरला गेलो. तात्या अंगणात बाजेवर बसले होते. समोर म्हैस बांधलेली. पाणी आलं, पण चहाचं कुणी विचारलं नाही. आण्णांनी मला कोपराने ढोसलं. मी ठरवलं, शास्त्र समजावून सांगावं. शास्त्रापुढे राग कुठवर टिकणार?

"तात्या, यात कुणाला पुसलेलं नाही. ही लेन्सची करामत आहे. असं करा, अंगठा डोळ्यांसमोर धरा. हां. आता अंगठ्याकडंच बघा. मागची म्हैस कशी दिसतीय?"

"लख्ख दिसतीया."

"तसं नव्हे तात्या. अंगठा स्पष्ट दिसतोय आणि म्हैस धूसर, असं असेल."

"अंगठाच धूसर हाय. म्हशीच्या कानावरची गोचीड दिसतीया मला." तात्यांनी हात खाली घेतला. "मोतीबिंदूचं आप्रेशन झालंया माझं. साखरपुड्याच्या आदी मुद्दाम करून घेतलं. म्हनलं, पोराचं समदं डोळं भरून बघायचं. आन फोटो बघतो तर काय, आप्रेशनाच्या आदी दिसायचं तसंच समदं!"

आण्णांना खोकला आला. तात्यांनी सोप्यातल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे अजिंक्यच्या वडलांचा हार घातलेला फोटो होता, आणि शेजारी एक मोकळा खिळा.

"त्या खिळ्याला लावायचा व्हता साखरपुड्याचा फोटो. माझ्या भावाला कळाया नगं, पोराच्या पाठीशी कोण हुबं हाय ते? आता त्याला काय दावू? नारळ?"

इतक्या वर्षांत मला कॅमेऱ्याची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तात्या, परत काढतो," मी म्हणालो.

"काय परत काढतो?"

"सगळंच. साखरपुडाच परत करू."

आण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की भाऊ नसतो तर मी त्या म्हशीशेजारी बांधलेला सापडलो असतो. पण तात्यांची मिशी हलली. आतून चहा आला.

असा अंथुर्ण्यात पुन्हा मांडव पडला. शेजारीपाजारी विचारत आले, "आण्णा, पयला मोडला का?"

"मोडला न्हाय," आण्णा दमून म्हणाले. "दुरुस्त करतोय."

तात्या परत बोडक्याने आले, कारण फेटा परत बांधायचा होता. सुमनआत्या परत पैठणी नेसून आली. शीतलसाठी या वेळी भारी साडी आणावी लागली, म्हणजे आत्याचंही म्हणणं राहिलं. आणि मी लेन्सचं तोंड आवळलं, अगदी सुईच्या नेढ्याएवढं. आता पुढचं, मागचं, शिवारातलं, सगळं स्पष्ट!

पण नेढ्यातून उजेड तो किती येणार? त्यात मांडवाची सावली. शटर उघडलं की मिटायला तयार होईना, आणि तेवढ्यात जो हलेल तो फराटा होऊन बसायचा. पहिल्याच फोटोत आण्णांचे दोन्ही हात वाहून गेले.

"कुणी हलायचं नाही!" मी ओरडलो.

मंडळी थिजली. आण्णा फेट्याचं टोक हातात धरून तसेच थांबले. गुरुजी अक्षता उचलून तसेच थांबले. सुमनआत्या कुंकवाचं बोट शीतलच्या कपाळाला लावून उभी राहिली.

"श्वास घिऊ का?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"फोटो झाल्यावर!"

तेवढ्यात रस्त्याने एक ओळखीचे म्हातारबा चालले होते. सगळा मांडव माना ताठ करून गप्प उभा बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तेही मान खाली घालून उभे राहिले. आम्ही हललो तेव्हा आण्णांजवळ येऊन हळूच म्हणाले, "कोन गेलं?"

फोटो आले. प्रत्येक माणूस स्पष्ट! श्वास कोंडल्यामुळे सगळ्यांचे डोळे बाहेर आलेले, नवरा-नवरी आधार कार्डावर असतात तशी. मागे पाण्याची टाकी, फवारणीचा पंप, दोरीवरचे आमचे बनियन आणि मांडवाचं तोरण खाणारी शेळी, हेही सगळं स्पष्ट. पण तात्यांनी फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही.

"आता कसं! मिशीचा केस न् केस दिसतोया!"

सुमनआत्याने पैठणीवरचे मोर मोजून बघितले, भरले. तारीख तिथेच मांडवात निघाली. शीतल हसली तशी मीही श्वास सोडला. गायकवाड सरांचा शेरा आला: 'ठीक.'

लग्नाला आण्णांनी भिगवणचा फोटोग्राफर बोलावला. मी त्याला लेन्स कुठली आणलीय ते विचारायला चाललो होतो, तेवढ्यात आण्णा म्हणाले, "दत्त्या, तू पंगतीत बुंदी वाढ."

पुढे एकदा इंदापूरला गेलो तेव्हा त्या खिळ्याला साखरपुड्याचा फोटो होता, आणि त्याच्या खाली लग्नाचा. शीतल, अजिंक्य आणि मध्ये तात्या, तिघेही एका ओळीत, लख्ख. तात्यांचं हसू अखेर कागदावर आलं होतं.

"ह्ये मागं पांढरं काय हाय हो?" बायकोने विचारलं.

मी जवळ जाऊन बघितलं. एक पांढरट गोळा, त्याला खाली एक पिवळा ठिपका. गोळा म्हणजे माझा नवा झब्बा. ठिपका म्हणजे बुंदीची बादली. अख्ख्या लग्नात माझा तेवढा एकच फोटो होता.

मी त्याचा फोटो काढून 'क्लिकवेडे'वर टाकला. सर जागेच होते.

'लोणी! मागचं नको ते बरोबर घालवलंय.'

'आभारी आहे, सर,' मी लिहिलं. 'त्यासाठी मी स्वतः मागे उभा राहिलो होतो.'