बिस्किटाच्या डब्यातली मार्था

पाळकसाहेबांच्या टेबलावरचा बिस्किटाचा डबा उघडून मी आतला चांदीचा टाक बाहेर काढला, तेव्हा साहेब समोरच बसले होते.

"बाई, काय करताय?"

"हा परत नेते, साहेब."

"परत? ख्रिस्ती घरात? आणि तुम्ही?" त्यांनी चष्मा काढला. साहेबांनी चष्मा काढला की समजायचं, प्रकरण तापलं.

मी बायबलबाई होते. म्हणजे मिशनची पगारी नोकर. घरोघरी जाऊन बायकांबरोबर शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, कुणी आजारी असेल तर दवाखान्यात न्यायचं आणि महिनाअखेर रिपोर्ट भरायचा. सत्तरच्या दशकात नागपुरात हे काम मी बहुतेक पायीच केलं. रिपोर्टच्या छापील फॉर्मात एक रकाना असायचा: ताईत-गंडे किती सोडवले. सोडवलेला माल त्या डब्यात जमा व्हायचा. बाहेरून पाहुणे आले की साहेब डबा उघडून दाखवायचे. खोटं कशाला बोलू, त्यातला बराचसा माल मी आणलेला होता आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता.

हा टाक आठवड्यापूर्वीच आला होता. कुसुमच्या गळ्यातला.

कुसुम ही सॅम्युएलची दुसरी बायको. सॅम्युएल रेल्वेत फिटर, घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्याची पहिली बायको सातव्या महिन्यात पोटातल्या बाळासकट गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. आता कुसुमला पाचवा लागला होता आणि दवाखान्यातल्या सिस्टरने मला निरोप पाठवला: हिचं वजन वाढायचं सोडून उतरतंय. असंच चाललं तर आई आणि मूल, दोघांचंही कठीण आहे. जरा घरी जाऊन बघा.

गेले. कुसुम भिंतीला टेकून बसली होती.

"मले गिळवतच नाही, बाई."

"काहून वं?"

तिने पदराआडून काळा दोरा ओढून दाखवला. त्यात चांदीचा टाक. टाक म्हणजे लहानसा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. आपल्याकडे जुनी रीत होती. बायको वारली आणि नवऱ्याने दुसरी केली, तर दुसरीने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती त्रास देत नाही. कुसुमच्या सासूने तो लग्नाच्या दिवशीच घातला होता. रोज पहिला घास टाकापुढे धरायचा. पहिलीने तो घेतला नाही असं वाटलं, की कुसुम ताटावरून उठायची. हल्ली तसं रोजच वाटत होतं.

"आजी, तुम्ही दर रविवारी पहिल्या बाकावर बसता," मी सासूला म्हटलं.

"येशू आपला हायेच, बाई. पण पहिलीचं मन दुखवून कसं चालन?"

माझं डोकं फिरलं. चौदा वर्षांची नोकरी, घरोघरी मान. मी मोठ्यांदा प्रार्थना केली, पिशवीतून कात्री काढली आणि दोरा कापला. सगळे आमेन म्हणाले. कुसुमही म्हणाली. टाक डब्यात गेला, फॉर्मवर एक आकडा वाढला आणि रविवारी साहेबांनी उपासनेत माझं नाव घेतलं.

पाचव्या दिवशी सॅम्युएल सायकल हाणत माझ्या दारात.

"बाई, तिनं पाणीबी सोडलं. म्हणते, पहिली आधी गळ्यात तरी होती. आता घरात मोकळी फिरून राहिली."

दोरा मी कापला होता. भीती होती तिथेच होती, उलट तिला आता घरभर जागा मिळाली होती. कुसुमला कुणी विचारलंच नव्हतं. सासूने घातलं, मी काढलं. मला स्वतःची लाज वाटली.

म्हणून मी साहेबांसमोर उभी होते.

"टाक मी काढला, साहेब. तिने नाही काढला."

"आणि रिपोर्टमध्ये काय लिहू?"

"एक वजा करा."

साहेबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि डब्याचं झाकण लावलं. "जा. पण बाई, जबाबदारी तुमची."

मी टाक कुसुमच्या हातात दिला. गळ्यात नाही बांधला. म्हटलं, "कुसुम, चूक माझी झाली. हा तुझा. ठेवायचा की काढायचा, तू ठरव. मला फक्त एक सांग, हिचं नाव काय?"

नाव मला ठाऊक होतं, पण ते त्यांच्या तोंडून यायला हवं होतं.

"नाव नोको घेऊ, बाई," सासू कुजबुजली.

"मार्था." सॅम्युएल दारातून म्हणाला. त्या घरात हे नाव तीन वर्षांत पहिल्यांदाच निघालं. मग तो थांबेचना. मार्थाला पोळी गोल यायची नाही. गीतं म्हणायची ती बेसूर, पण सगळ्यात मोठ्यांदा. बाळासाठी तिने टोपडं विणायला घेतलं होतं, ते अर्धंच राहिलं. सांगता सांगता तो गडी ढसाढसा रडला.

मी कुसुमला म्हटलं, "तिच्या कबरीवर तुम्हीच लिहिलंय ना, प्रभूजवळ गेली म्हणून? मग ती तुझ्या छातीवर कशी बसेल? दोन्हींतलं एकच खरं असणार."

मग पौलाचं पत्र काढलं. मरण असो की जीवन, देवाच्या प्रीतीपासून आपल्याला काहीच वेगळं करू शकत नाही, तो उतारा वाचला. कुसुमने तो पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे थे सुखात हाये?"

"हो."

"माह्यावर रागावली नाही?"

"प्रभूजवळ बसून कोण रागावतं वं?"

कुसुमने डोळे मिटले आणि स्वतःच प्रार्थना केली. "प्रभू, मार्थाताईले सांभाळ. अन् मले भूक लागू दे." मेलेल्यांसाठी प्रार्थना करणं आमच्या मंडळीच्या शिकवणीत बसत नाही. मी दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी तिने वाटीभर वरणभात खाल्ला. पहिला घास कुणापुढे धरला नाही. चमत्कार वगैरे नव्हता, दुसऱ्या दिवशी पुन्हा घाबरली. मी महिनाभर दुपारी त्यांच्याकडे जेवायला जात होते. शास्त्र, प्रार्थना, मग जेवण. वजन कुसुमचं वाढलं आणि माझंही.

एके दिवशी हात धुता धुता ती म्हणाली, "बाई, मार्थाताईची आई कन्हानले राहते ना? हा टाक तिले देऊन येऊ."

आम्ही दोघी बसने गेलो. म्हातारीने कुसुमचं पोट पाहिलं, टाक पाहिला आणि दारातच रडायला लागली. "माह्या पोरीचं नाव घेऊन कोणी आलंच नाही वं इकडे." मग डोळे पुसून टाक निरखला आणि हसली. "हे काय केलं तिचं? माही मार्था का देवी होती? एक नंबरची आळशी होती." तिने टाक कुसुमच्या मुठीत परत कोंबला. "मोडून बाळाले वाळे कर."

मी कुसुमकडे पाहिलं. ती म्हणाली, "करतो ना. इतवारीत सोनार हाये आपल्या ओळखीचा." आणि म्हातारीने जेवायला वाढलं तेव्हा तिने चौथी पोळी मागितली.

मुलगी झाली. बाप्तिस्म्याच्या दिवशी साहेबांनी बाळाला हातात घेतलं तसे पायातले वाळे वाजले. आदल्या दिवशीच त्यांनी मला विचारलं होतं, "बाई, तो टाक डब्यात कधी येणार?" आता त्यांनी वाळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डब्याचा विषय पुन्हा कधीच काढला नाही.

"मुलीचं नाव?" साहेबांनी विचारलं.

सॅम्युएल तोंड उघडायच्या आत पहिल्या बाकावरून सासूबाई ओरडल्या, "मार्था!" सगळं चर्च वळून बघायला लागलं.

त्या महिन्यात माझा रकाना कोराच गेला. कात्री मी पिशवीतून कायमची काढली. अजून चांगली चालते. दुधाच्या पिशव्या कापायला लागते.